मोडलेल्या हाडाची मुदत

उतारवयातील अस्थिभंगाची हकीकत बहुतेक घरांत एकाच धाटणीची असते. पहाटे तीन-साडेतीनचा सुमार, लघुशंकेसाठी उठलेले एखादे वृद्ध माणूस, दिवा लावला तर इतरांची झोपमोड होईल या संकोचाने अंधारातच चाचपडत मोरीकडे निघालेले, पायांत झिजलेल्या सपाता, उंबरठ्यापाशी सांडलेले थोडेसे पाणी. आणि मग धप्पकन झालेला आवाज. घरातली मंडळी धावत येतात तेव्हा ते माणूस सहसा आक्रोश करीत नसते. "काही नाही, जरा घसरले," असे ओशाळून सांगत ते उठू पाहते, पण पाय उचलत नाही. तो दुसऱ्या पायाहून बोटभर आखूड झालेला असतो आणि त्याचे पाऊल बाहेरच्या अंगास कलंडलेले असते. ही दोन चिन्हे ज्याला ठाऊक आहेत, त्याला खुब्याचे हाड मोडल्याचे कळावयास एक्स-रेची वाट पाहावी लागत नाही.

यानंतर नातेवाईक डॉक्टरांना जो पहिला प्रश्न विचारतात, तो असा की, हाड जुळावयास किती दिवस लागतील? प्रश्न स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर आठवड्यांच्या हिशेबात देताही येते. परंतु या विषयावरचे जुने-नवे जेवढे वाङ्मय मी चाळले आहे, आणि घरात व शेजारीपाजारी जे काही पाहिले आहे, त्यावरून माझी अशी समजूत झाली आहे की, या मामल्यात दोन निरनिराळ्या मुदती चालू असतात. एक हाडाची आणि दुसरी माणसाची. आणि आपल्याकडे पहिलीचा हिशेब इतक्या काळजीने ठेवला जातो की, दुसरी केव्हा टळून गेली याचा पत्ताच कोणास लागत नाही.

कोणत्या वयात कोणते हाड मोडते, यालाही एक क्रम आहे. पन्नाशी-साठीतील माणूस तोल गेला की, हात पुढे टेकतो, आणि म्हणून त्याचे मनगट मोडते. या भंगाचे नेमके वर्णन डब्लिनचा शल्यविशारद अब्राहम कॉलिस याने 1814 मध्ये केले, म्हणजे रोंटगेनला क्ष-किरण सापडण्याच्या (1895) ऐंशीहून अधिक वर्षे अगोदर, केवळ बोटांच्या स्पर्शावर. आणि वेडेवाकडे जुळलेले मनगट दिसावयास जन्मभर तसेच राहिले तरी कालांतराने त्याची हालचाल मोकळी होते, असा दिलासाही त्याने देऊन ठेवला. पुढे सत्तरीच्या आसपास खांद्याचे हाड आणि पाठीचे मणके यांची पाळी येते. मणक्याचा प्रकार तर इतका मूक असतो की, पाण्याची बादली उचलताना पाठीत चमक भरली एवढेच त्या माणसाला आठवते, आणि काही वर्षांनी आपली उंची दोन बोटे कमी कशी झाली याचे नवल वाटते. ऐंशीच्या घरात हात पुढे टेकण्याइतकी चपळाई उरत नाही. माणूस कुशीवर कोसळतो आणि सगळा आघात खुब्यावर येतो. खुब्याचे हाड मोडण्याच्या शंभर प्रसंगांतील नव्वदांहून अधिक केवळ उभ्याने पडण्यामुळे घडतात. आधी हाड मोडले आणि म्हणून माणूस पडला, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. तसे घडतही असेल, पण क्वचित. मनगटाची आणि खांद्याची दुखणी त्रासदायक खरी; तथापि त्यांत माणूस चालता-फिरता राहतो. खुबा मोडला म्हणजे सगळे घरच थांबते, म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्यासंबंधी आहे.

हाड जुळण्याची क्रिया ही शरीराच्या कारभारातील एक विलक्षण नेटकी व्यवस्था होय. मोडलेल्या जागी प्रथम रक्त साकळते. त्या गुठळीभोवती सूज येते, आणि जिला आपण केवळ त्रास समजतो त्या सुजेतूनच नव्या पेशींना बोलावणे जाते. दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांना सांधणारी मऊ, कूर्चामय गाठ तयार होते; तिच्यात चुन्याचे क्षार भरून ती कठीण होते; आणि त्यानंतर कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे, शरीर त्या ओबडधोबड सांध्याला तासून पूर्ववत आकार देत राहते. हे तासणे कोठे आणि किती व्हावे, हे त्या हाडावर पडणारा भार ठरवितो. 1892 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ युलियस वोल्फ याने मांडलेला हा नियम असे सांगतो की, ज्या हाडावर भार पडतो ते बळावते आणि ज्यावर पडत नाही ते झिजते. अंथरुणावर पडून राहिलेल्या माणसाच्या हाडांना त्यांच्यापुरता रजेचा हुकूमच मिळालेला असतो, आणि ती तो तत्परतेने अमलात आणतात.

म्हातारपणी हाड जुळतच नाही, ही समजूत बरीचशी निराधार आहे. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात भग्नचिकित्सा सांगताना मुदतीचा स्पष्ट दाखला दिला आहे. पहिल्या वयात सांधा एका महिन्यात स्थिर होतो, मध्यम वयात त्याच्या दुप्पट काळ लागतो आणि उत्तर वयात तिप्पट. आजचा अस्थिरोगतज्ज्ञ वृद्धाच्या मनगटाला सुमारे सहा आठवडे आणि मांडीच्या हाडाला तीन महिने किंवा थोडे अधिक सांगतो, तेव्हा तो सुश्रुताच्या फार दूर गेलेला नसतो. त्या अध्यायात उंबर, पिंपळ, पळस, वड यांच्या साली आणि वेळूच्या चिपा यांचे बंधन आहे. थंडीत सात दिवसांनी, साधारण ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी ते सोडून पुन्हा बांधण्याचा नियम आहे. मांडी मोडलेल्यास फळीवर निजवून, तो हलू नये म्हणून खुंट्या ठोकण्याची तजवीज आहे. निदानस्थानात कटीच्या काही भग्नांना हातच लावू नये असेही तो सांगतो. मला स्वतःला मात्र या सगळ्याहून एक लहानशी सूचना अधिक मोलाची वाटते. तळहाताचे हाड जुळून आल्यावर रोग्याने प्रथम मातीचा गोळा हातात धरावा, नंतर मिठाचा खडा धरावा, आणि हातात बळ आले म्हणजे दगड धरावा, असे तो म्हणतो. हाड जुळले येथे वैद्याचे काम संपले, असे या ग्रंथकाराला वाटत नव्हते.

जुळण्याच्या या सामान्य नियमाला एक मोठा अपवाद आहे, आणि दुर्दैवाने तो खुब्यातच आहे. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा एका आखूड, तिरप्या मानेवर बसविलेला असतो. त्या गोळ्याला मिळणारे रक्त बहुतांशी या मानेच्या अंगाअंगाने वर चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून येते, आणि मान मोडून सरकली की, त्याच तुटतात. शिवाय ही जागा सांध्याच्या पिशवीच्या आत असल्यामुळे तेथे रक्ताची गुठळी टिकत नाही आणि इतरत्र हाडाला वेढून असलेले जे आवरण नवे हाड निर्माण करते, ते येथे जवळजवळ नसतेच. परिणामी मान जुळत नाही, किंवा जुळली तरी गोळा उपासमारीने मरतो. लंडनचा ॲस्टली कूपर याने 1822 च्या आपल्या ग्रंथात पिशवीच्या आतील भंग आणि बाहेरील भंग हा भेद पहिल्यांदा स्वच्छपणे मांडला. बाहेरचा भंग रक्ताने समृद्ध अशा भागात असल्यामुळे जुळतो. आतला हाडाने जुळत नाही. सबब आतला भंग झालेल्या वृद्धाला महिनोन्महिने बांधून ठेवण्यात अर्थ नाही, वेदना ओसरल्या की त्याला खुर्चीत बसवावे आणि कुबड्यांवर उभे करावे, असा त्याचा अभिप्राय होता. हाड न जुळले तरी माणूस वाचवावा, ही दृष्टी त्या काळी किती धाडसी असेल याची कल्पना करणे कठीण आहे, कारण पुढची शंभर वर्षे वैद्यकाचा सगळा ओघ उलट दिशेने वाहत राहिला.

त्या ओघाचा मोठा आचार्य म्हणजे लिव्हरपूलचा ह्यू ओवेन टॉमस. वेल्समधील परंपरागत हाडवैद्यांच्या घराण्यात जन्मलेला हा मनुष्य रीतसर डॉक्टर झाला, आणि सक्तीची, अखंड व दीर्घ विश्रांती हे आपले तत्त्व त्याने इतक्या निष्ठेने राबविले की, त्याच्या नावाची लोखंडी कड्याची चौकट पहिल्या महायुद्धात हजारो जवानांच्या मांड्या वाचविण्यास कारण झाली. सांध्यांच्या क्षयासाठी आणि तरुण सैनिकांसाठी ते तत्त्व योग्यच होते. पण तेच ऐंशी वर्षांच्या वृद्धेला लावले गेले, पायाला वजन टांगून तिला दहा-बारा आठवडे पाठीवर निजविले गेले, तेव्हा हाड कित्येकदा जुळलेही. मात्र तोपर्यंत तिची पाठ फुटलेली असे, छातीत कफ साचून न्यूमोनिया झालेला असे, पोटरीतील रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात गेलेली असे. आमच्या लहानपणी खुबा मोडणे म्हणजे काय, हे घरातील मोठी माणसे बोलून दाखवीत नसत. फक्त गावोगावच्या नातलगांना "येऊन भेटून जा" अशी पत्रे जात.

1947 साली रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरने अंथरुणावर पडून राहण्याच्या धोक्यांविषयी एक छोटासा, काहीसा मिस्कील लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिला, आणि त्यात एकेका इंद्रियाची त्या निजण्यामुळे कशी दुर्दशा होते याचा पाढाच वाचला. त्याचा विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा पुढे मोजमापाने सिद्ध झाला. 2007 मधील एका प्रयोगात धडधाकट अशा वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तेवढ्यात त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो स्नायू झडला. हे निरोगी लोक होते. त्यांचे काही मोडलेले नव्हते, त्यांना वेदना नव्हत्या, आणि ते पोटभर जेवत होते.

या कैदेतून सुटका झाली ती लोखंडामुळे. बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी 1925 मध्ये तीन पात्यांचा खिळा मोडलेल्या मानेतून ठोकून गोळा जागेवर बसविला आणि 1931 मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. 1940 मध्ये ऑस्टिन मूर आणि हॅरल्ड बोलमन यांनी अमेरिकेत, हाडात गाठ झालेल्या एका रोग्याच्या मांडीचा वरचा भाग काढून तेथे धातूचा बसविला; त्यातूनच पुढे मूर यांच्या नावाचा धातूचा गोळा निघाला, आणि आपल्याकडील सरकारी इस्पितळांत कित्येक दशके वृद्धांच्या खुब्याचा तोच आधार होता. 1962 मध्ये जॉन चार्नली यांनी वाटीसुद्धा संपूर्ण सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया पक्क्या पायावर आणली. आज आपल्या तालुक्याच्या गावीही "सळई घातली", "अर्धा गोळा बदलला", "पूर्ण गोळा बदलला" हे शब्दप्रयोग रुळले आहेत. त्यांचा अर्थ ढोबळमानाने असा: पिशवीबाहेरचा भंग असेल तर खिळा किंवा सळई, आतला असून सरकलेला असेल आणि वय झालेले असेल तर गोळा. पूर्ण सांधा बदलला म्हणजे अर्ध्याच्या दुप्पट लाभ होतो, अशी जी समजूत खर्चाच्या अंदाजपत्रकाबरोबर घरात शिरते, तिला 2019 मधील सुमारे दीड हजार रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीने फारसा आधार दिलेला नाही. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण दोहोंत जवळपास सारखे निघाले आणि चालण्या-फिरण्यातील फरक अल्प होता.

शस्त्रक्रिया केव्हा करावी, हा प्रश्न आपल्याकडे वैद्यकीय राहत नाही, तो कौटुंबिक होतो. ब्रिटनमधील शिफारस अशी आहे की, रोगी दाखल झाला त्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया व्हावी. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय रुग्णालयांचाही सहभाग असलेल्या आणि सतरा देशांत झालेल्या एका चाचणीत, निदानानंतर सुमारे सहा तासांत आणि सुमारे चोवीस तासांत शस्त्रक्रिया झालेल्या जवळपास तीन हजार रोग्यांची तुलना झाली. लवकर केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. पण भ्रम कमी झाला, वेदना कमी झाल्या, आणि माणसे लवकर उठून उभी राहिली. ही तुलना सहा आणि चोवीस तासांची आहे, हे लक्षात घ्यावे. आपल्याकडे मामला चार-सहा दिवसांचा असतो, कारण मुंबईचा मुलगा यावयाचा असतो, अमेरिकेतील मुलीशी बोलावयाचे असते, पैशांची तजवीज व्हावयाची असते, आणि "या वयात कशाला चिरफाड?" असे म्हणणारे एखादे काका हटकून हजर असतात.

हे मी अनुभवावरून लिहितो. माझ्या आत्याबाई एकोणऐंशीव्या वर्षी पुण्याच्या सदाशिव पेठेतील जुन्या वाड्यात, वर वर्णिल्याप्रमाणेच पडल्या, आणि आम्ही सुशिक्षित म्हणविणाऱ्या मंडळींनी विचारविनिमयात पुरे चार दिवस घालविले. डॉक्टर रोज विचारीत होते. आम्ही "उद्या सांगतो" म्हणत होतो. तिसऱ्या रात्री आत्याबाई कैलासवासी यजमानांशी बोलू लागल्या, सलाइनची नळी ओढू लागल्या, आणि आम्हांला वाटले की, त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. तो वेदनेने, अनिद्रेने, परक्या जागेने आणि कोरड्या पडलेल्या शरीराने आणलेला भ्रम होता. एका वयस्कर परिचारिकेने त्यांचा चष्मा आणि कानातले यंत्र घरून मागवून घेतले, खिडकीचा पडदा सारला, समोर घड्याळ ठेवले, आणि माझ्या बायकोला त्यांच्या उशाशी बसून शांतपणे नेहमीच्या गोष्टी बोलावयास सांगितले. औषधाहून या बंदोबस्ताचाच गुण अधिक आला.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी व्यायामोपचार करणारी एक तरुण मुलगी आली आणि "आजी, पाय खाली सोडा, आपल्याला उभं राहायचंय," म्हणाली. आत्याबाईंनी तिच्याकडे जे पाहिले ते मी विसरणार नाही. "अगं, काल तर पाय कापलाय माझा!" त्या म्हणाल्या. आमचाही कल त्यांच्याच बाजूला होता. भेटावयास येणारा प्रत्येक जण "आता काही हालचाल करू नका, स्वस्थ पडून राहा," हाच आशीर्वाद देऊन जात होता. आजारी माणसाला पडू देणे म्हणजे त्याच्यावर प्रेम करणे, हे आपल्या संस्कारात इतके मुरले आहे की, त्याला उठविणारे माणूस निर्दय वाटते. वस्तुतः सळई किंवा गोळा घालण्याचा सगळा खटाटोप त्या माणसाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पायावर भार देता यावा यासाठीच असतो; आणि तो भार दिला नाही तर केवळ एक्स-रे सुंदर दिसतो. ब्रिटनमध्ये 2007 पासून खुब्याच्या भंगाचे राष्ट्रीय दप्तर ठेवले जाते. तेथे शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी रोग्यास अंथरुणाबाहेर काढले की नाही, याचीही नोंद होते. वृद्धांचा वैद्य आणि हाडांचा डॉक्टर या दोघांनी एकाच खाटेपाशी उभे राहावे, ही व्यवस्था त्या देशातील हेस्टिंग्ज गावी मायकेल डेव्हस यांनी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर घालून दिली. आपल्याकडे ती मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांपुरतीच आहे. बाकी ठिकाणी रक्तदाब एकाकडे, साखर दुसऱ्याकडे, हाड तिसऱ्याकडे, आणि संपूर्ण माणूस कोणाकडेच नाही, अशी वाटणी असते.

आहाराविषयी थोडे. आपल्या वृद्ध स्त्रिया किती कमी खातात, हे त्या आजारी पडल्यावाचून कोणाच्या लक्षात येत नाही. सकाळी चहा आणि खारी, दुपारी दोन घास वरणभात, रात्री ताकभात किंवा नुसते दूध, त्यात एकादशी, चतुर्थी, सोमवार. जखम भरण्यास आणि झडलेला स्नायू परत येण्यास दर किलो वजनामागे रोज निदान एक ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने लागतात. पन्नास किलोच्या बाईला पन्नास-साठ ग्रॅम. वरणाच्या वाटीत ती पाच-सहा ग्रॅमच असतात. दूध, दही, पनीर, उसळी, चालत असल्यास अंडी आणि मासे, यांची भर घातल्याखेरीज हा हिशेब जुळत नाही. कांडवेल, डिंकाचे लाडू, खारीक यांबद्दल माझी तक्रार नाही. लाडवात तूप आणि खोबरे असते, म्हणजे अन्न तर पोटात जातेच. तक्रार आहे ती "पथ्य" या शब्दाखाली आहे ते अन्नही तोडण्याबद्दल.

हाडवैद्यांचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. निखळलेला खांदा बसविण्यात, मुरगळलेल्या घोट्याला बांधण्यात त्यांतील कित्येकांचा हात कुशल असतो, आणि टॉमसचे घराणे पाहता या परंपरेचा उपहास करण्याचा अधिकार आधुनिक शास्त्रालाही नाही. पण बांबूच्या चिपा आवळून बांधल्याने हाताचा रक्तप्रवाह थांबून बोटे कायमची आखडून जाण्याचा जो प्रकार फोल्कमान याने 1881 मध्ये वर्णिला, तो आपल्या इस्पितळांतून अजूनही दिसतो. आणि खुब्याच्या बाबतीत तर लेप आणि पट्टी यांत गेलेले तीन आठवडे कोणी परत देऊ शकत नाही.

घरी परतल्यावर जो अध्याय सुरू होतो, त्याविषयी पाश्चात्य ग्रंथ आपल्याला फारशी मदत करीत नाहीत, कारण तेथील माणूस खुर्चीत बसतो आणि आपला जमिनीवर. पाटावर जेवण, मांडी घालून पूजा, उकिडवे बसून शौच, खाली बसून भाजी निवडणे, या सगळ्यांना गोळा बदललेल्या माणसाला निदान काही महिने आणि पुष्कळदा कायमची बंदी होते. शौचाला उंच बैठक, आंघोळीला प्लॅस्टिकची खुर्ची, भिंतीला पक्के बसविलेले धरावयाचे कडे, रात्रभर जळणारा मंद दिवा, उचलून टाकलेली पायपुसणी, या गोष्टींना एकंदरीत जो खर्च येतो तो शस्त्रक्रियेच्या बिलाच्या एखाद्या किरकोळ रकमेएवढाही नसतो, आणि तरीही तो सर्वांत उशिरा होतो. देवघर टेबलावर आणावयास आत्याबाईंनी महिनाभर नकार दिला. देव वर आणि आपण खुर्चीत, हे त्यांना पटत नव्हते. शेवटी त्यांनीच तोड काढली की, देवांनीही म्हातारपणी थोडे उंचावर बसावे.

पैशांची बाजू पूर्वीपेक्षा बरी आहे. राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अस्थिभंगाच्या अनेक शस्त्रक्रिया मोडतात, आणि ऑक्टोबर 2024 अखेरीस केंद्र सरकारने आयुष्मान भारत योजनेचे छत्र सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपयांपर्यंत दिले. मात्र योजना शस्त्रक्रिया करून देते. त्यानंतर तीन महिने रोज घरी येऊन चालविणाऱ्या माणसाचा मेहनताना ती देत नाही. तो भार खिशावर पडतो, आणि म्हणून पहिल्या दहा दिवसांनंतर "आता आम्हीच करून घेऊ व्यायाम" असे ठरते. दिवसपाळीला ठेवलेली बाई प्रेमळ असली तर आणखी पंचाईत. ती पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देते. 2011 च्या शिरगणतीत देशात साठीपुढील माणसे 10 कोटी 38 लाख होती, आणि ती संख्या वाढतच चालली आहे. इतक्या लोकांना चालते ठेवण्याचे शास्त्र मुंबईत हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी दीर्घकाळ शिकविले गेले, पण ते पदवीधर तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत फारसे पोचले नाहीत.

एकदा मोडलेले हाड ही पुढच्या मोडण्याची पूर्वसूचना असते, हे मात्र बहुतेक घरांत कोणी सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये हाडांच्या ठिसूळपणाची मोजमापाची व्याख्या ठरवून दिली. परंतु उभ्याने पडून ज्याचा खुबा मोडला, त्याचे हाड ठिसूळ आहे हे सांगावयास यंत्राची वाट पाहण्याची गरज नसते. केवळ चुन्याच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्व देऊन दुसरा भंग टळत नाही, हे 2005 मध्ये 5,292 वृद्धांवरील चाचणीत दिसून आले. उन्हाच्या देशात राहूनही आपल्यापैकी पुष्कळांच्या रक्तात ते जीवनसत्त्व अपुरे असते, म्हणून ते द्यावे हे खरे. पण तेवढ्यावर विसंबू नये. 2007 च्या एका चाचणीत, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत झोलेड्रॉनिक आम्लाची वर्षातून एकदा शिरेतून मात्रा दिली, तेव्हा नवे भंग 35 टक्क्यांनी आणि मृत्यू 28 टक्क्यांनी कमी झाले. या वर्गातील गोळ्याही आहेत. त्या उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसावे लागते, आणि सकाळच्या चहाआधी अर्धा तास थांबणे आपल्या वृद्धांना भंगाहूनही कठीण वाटते. फार वर्षे घेतल्यास जबड्याचे किंवा मांडीचे विरळा उद्भवणारे उपद्रव आहेत, म्हणून डॉक्टरी देखरेख हवी. पण त्या विरळा उपद्रवांच्या भीतीने औषधच न घेणे हा उलटा हिशेब आहे. डोळ्यांतील मोतीबिंदू, झोपेच्या गोळ्या, उभे राहताच खाली येणारा रक्तदाब, हीही सगळी पाडणारी मंडळी आहेत, आणि त्यांची चौकशी हाडाच्या फेरतपासणीत सहसा होत नाही.

परिणामांविषयी खरे बोलावयाचे तर आकडे कठोर आहेत. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा, आणि काही ठिकाणी त्याहून अधिक, वर्षाच्या आत जातो. जे राहतात त्यांतील साधारण निम्मेच पूर्वीसारखे चालू लागतात. यांतील किती वाटा हाडाचा, किती आधीच्या जीर्ण शरीराचा आणि किती आपल्या विलंबाचा, हे वेगळे काढता येत नाही. भीती हाही एक आजारच असतो. आत्याबाईंचे हाड तिसऱ्या महिन्यात "पक्के" झाले, डॉक्टरांनी तसे सांगितले. पण त्या खोलीबाहेर पडत नव्हत्या. पडण्याच्या भीतीने माणूस चालत नाही, न चालल्याने पाय दुबळे होतात, आणि दुबळे पाय मग पाडतातच. या फेऱ्यातून त्यांना बाहेर काढावयास कोणाचे व्याख्यान उपयोगी पडले नाही.

उपयोगी पडली ती तुळस. वाड्याच्या चौकात ती होती आणि आमच्या सुनेने दोन दिवस पाणी न घातल्याने माना टाकून उभी होती. वॉकर सुटून हातात काठी आली होती. पहिल्या दिवशी आत्याबाई रिकामा तांब्या घेऊन चौकापर्यंत गेल्या आणि पाणी मला घालावयास लावले. आठवड्याने तांब्या अर्धा भरू लागला. मला सुश्रुताचा मातीचा गोळा आणि मिठाचा खडा आठवला, पण ते मी त्यांना सांगितले नाही. पाचव्या महिन्यात, एका सकाळी, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन त्या एकट्या निघाल्या. उंबरठ्यापाशी थोडे पाणी सांडले. त्या तेथेच थांबल्या, मागे वळून मला हाक मारली, आणि मी फडक्याने ते कोरडे पुसून घेईपर्यंत त्यांनी पाऊल पुढे टाकले नाही.